मास्क, स्नॉर्कल, फिन्स आणि ड्राय बॅग: ओमानच्या समुद्रात काही महिने वापरल्यावर

आम्ही दोघं मस्कतमधल्या एका शाळेत शिकवतो, मी फिजिक्स आणि नवरा गणित. उन्हाळ्याची सुट्टी लागली की सांगलीला घरी. यंदा आल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी एकच विचारलं: मालवणला जायचंय, स्नॉर्कलिंगचं (तोंडात श्वासाची नळी धरून, चेहरा पाण्यात ठेवून पोहण्याचं) सामान विकत घ्यावं की तिथलं भाड्याचं वापरावं? आमचं सामान हिवाळ्यापासून चांगलं वापरून झालंय, म्हणून सविस्तर लिहिते. ओमानमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, आणि आमच्या बहुतेक सुट्ट्या पाण्यातच गेल्या.

थोडक्यात सांगायचं तर मास्क स्वतःचा घ्या. फिन्स, म्हणजे पायात घालायची वल्ह्यासारखी पाती, भाड्याच्या चालतात. ड्राय बॅग, म्हणजे आत पाणी न शिरणारी पिशवी, घ्याल तर जाड घ्या.

मास्कवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. दुकानात एक साधी परीक्षा करायची: पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलकेच श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. माझ्या चेहऱ्याला बसलेला मास्क नवऱ्याला अजिबात बसला नाही, म्हणून दोघांचे वेगळे. त्याच्या मिशीमुळे सुरुवातीला नाकाखालून पाणी झिरपायचं. मिशीची वरची कड बारीक कातरल्यावर थांबलं. पट्टा आवळून काही होत नाही, उलट रबराची कड दुमडते आणि जास्त गळतं.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली सगळीकडे दिसतात. ते आम्ही ठरवूनच टाळले. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि दोन-तीन मीटर खाली गेलं तरी कान दडे बसल्यासारखे होऊन दुखायला लागतात. तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच फुंकावं लागतं. नाकाला वेगळा खिसा असलेल्या साध्या मास्कमध्ये हे जमतं. पूर्ण चेहऱ्याच्या बहुतेक मास्कमध्ये नाकापर्यंत बोटंच पोचत नाहीत. नुसतं पृष्ठभागावर तरंगायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण खाली काही दिसलं की माणूस डुबकी मारतोच.

नवऱ्याला लांबचा मोठा नंबर आहे आणि चष्म्यावर मास्क बसत नाही, काड्यांमधून पाणी शिरतं. त्याने नंबरच्या काचा बसवलेला मास्क घेतला. या काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने तयार मिळतात. सिलिंडरचा नंबर (चष्म्याच्या चिठ्ठीतला अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) मात्र त्यांत नसतो. तरीही त्याला पडलेला फरक मी शेजारी पोहताना पाहिला. आधी तो माझ्या बोटाच्या दिशेने नुसती मान हलवायचा, आता मला खुणावून मासे दाखवतो.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यामुळे काच सारखी धुरकटते. पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून धुतली की बरंच काम होतं. पुढे दर वेळी पाण्यात उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून विसळायचा.

या मास्कमधून आम्ही दैमानियत बेटांजवळ जे पाहिलं त्यासाठी सगळा खर्च सोन्याचा झाला. मस्कतच्या वायव्येला समुद्रात नऊ बेटं आहेत, १९९६पासून संरक्षित. कासवांच्या अंडी घालण्याच्या मोसमात बेटावर उतरू देत नाहीत, बोटीवरून पाण्यात उतरायचं. तिथे एक कासव, चोचीसारख्या तोंडाचं, खडकाला दोन्ही पुढचे पाय रोवून मऊ प्रवाळ ओरबाडून खात होतं. एक लचका तोडला की मान मागे, पाण्यात बारीक भुगा, आणि त्या भुग्यावर लगेच पिवळ्या माशांची झुंबड. आमची त्याने दखलच घेतली नाही. पाण्याच्या अपवर्तनामुळे मास्कमधून वस्तू पाऊण अंतरावर दिसते, म्हणून ते हाताशी आल्यासारखं वाटत होतं. प्रत्यक्षात आम्ही बऱ्यापैकी लांब राहिलो, आणि तसंच राहावं. वर्गात इतकी वर्षं फळ्यावर किरणांच्या आकृत्या काढल्या, पण त्या दिवसानंतर तो धडा शिकवताना माझा आवाजच बदललाय.

ड्राय बॅगेची कसोटी वादी शाबमध्ये लागली; वादी म्हणजे ओढ्याची दरी. टिवी गावाजवळ हायवेच्या पुलाखाली छोट्या होडीतून पलीकडे जायचं, मग दरीतून चालत, आणि शेवटी एकामागून एक हिरवे डोह पोहत पार करायचे. अगदी शेवटी दोन कातळांमध्ये जेमतेम डोकं मावेल एवढी फट असते; तिच्यातून गेलं की आत गुहा आणि धबधबा. बॅगेचं तोंड तीनदा घट्ट गुंडाळून, आत थोडी हवा ठेवून बंद केली की ती छान तरंगते आणि दमलं की धरायलाही होते. फोन, पासपोर्टच्या झेरॉक्स, सुके कपडे सगळं कोरडं राहिलं. फटीच्या आत मात्र बॅग नेऊ नका, बाहेरच्या कातळावर ठेवा. आणि पावसाचं चिन्ह असेल त्या दिवशी वादीत पाऊलच टाकू नका, लोंढा बघता बघता येतो.

त्याच सुट्टीत आम्ही फिन्स नावाच्याच एका गावाच्या किनाऱ्यावर तंबू टाकला होता. रात्री भरती अपेक्षेपेक्षा वर आली, सामान घाईघाईने खडकांवर ओढलं आणि कालवांच्या कपच्यांनी बॅगेचा तळ फाटला. पातळ कापडाची बॅग असल्यावर हे होणारच. सायकल पंक्चरचं सोल्यूशन पीव्हीसीवर धरत नाही. शेवटी इथे सांगलीत, बेदाण्याच्या शेडसाठी ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराने गरम हवेच्या मशीनने ठिगळ डकवून दिलं. बादलीत रात्रभर दाबून ठेवली, थेंब आत गेला नाही.

फिन्सबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. पूर्ण पाऊल झाकणाऱ्या आखूड फिन्स घेतल्या, प्रवासाच्या बॅगेत मावतात, प्रवाहाविरुद्ध येताना जीव वाचवतात. स्नॉर्कलच्या खालच्या झडपेत वाळू अडकली की पाणी येतं, गोड्या पाण्यात विसळा. मास्क पारदर्शक सिलिकॉनचा असेल तर काळ्या रबराला लावून ठेवू नका, डाग पडतात.

आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. मी पलूसजवळ आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. विहिरीत शिकलेल्यांना मान वर ठेवून पोहायची सवय असते. स्नॉर्कलला चेहरा पाण्यात ठेवून तोंडाने शांत श्वास घ्यावा लागतो. ही सवय आधी स्विमिंग पूलमध्ये करा. कृष्णेत नको: भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत आणि आता पाणीही चढायला लागलंय.

मालवणचं स्नॉर्कलिंग पावसाळ्यात बंद असतं, त्यामुळे दिवाळीपर्यंत भरपूर वेळ आहे. तिथे लाइफ जॅकेट आणि वाटाड्या मिळतो, फिन्सही मिळतील. चष्मा असलेल्यांनी डोळे तपासून नंबरचा मास्क आत्ताच मागवावा, कारण दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असला तर काचा जुळवून यायला वेळ लागतो.