परभणीच्या उन्हात नॅस : दसऱ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

सिनॉलॉजी कंपनीचा डीएस२२३ हा दोन डिस्कचा नॅस (घरच्या राउटरला जोडायचा साठवणीचा डबा, घरातल्या सगळ्यांच्या फाइली एकाच जागी) गेल्या दसऱ्याच्या सुमारास घेतला. हिवाळा, उन्हाळा आणि बराचसा पावसाळा त्याने आमच्या घरात काढलाय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. या डब्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर पोत्याने सापडतात, पण बहुतेक एसीच्या खोलीत केलेले. परभणीत, स्लॅबच्या घरात, मे महिन्यात तो कसा वागतो हे कुणी सांगत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो : डबा चांगला आहे, पण डोकं आणि पैसा लावायच्या खऱ्या जागा डब्याच्या बाहेर आहेत. वीज, ऊन आणि तिसरी प्रत.

घ्यायचं कारण. माझं टॅली-जीएसटीचं काम घरूनच चालतं. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, म्हणजे गिऱ्हाईक सोडून गेलं तरी त्याचा डेटा आपल्या मानगुटीवर असतोच. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ. पोरगी लातूरला नीटची तयारी करतेय, सुट्टीला आली की तिचा फोन भरलेलाच. आणि अण्णांचे शेताचे कागद : सातबारा, फेरफार, १९५४ चं खासरा पत्रक, आजोबांच्या नावचे निजामकाळातले उर्दू कागद. न्यायमूर्ती शिंदे समितीने २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी धुंडाळायला घेतल्या तेव्हापासून या कागदांना भलताच भाव आलाय. भावकीतला कुणी ना कुणी फोन करतो, "तेवढं आजोबाचं पाठव की." हे सगळं चार पेनड्राइव्ह, दोन लॅपटॉप आणि एका जुन्या हार्ड डिस्कवर पसरलेलं होतं.

पैशाचं आधी बोलू, कारण इथेच लोक फसतात. डबा, ४ टीबीच्या दोन डिस्क आणि यूपीएस मिळून ५०,००० रुपयांच्या आसपास गेले. गूगलचा २ टीबीचा प्लॅन मी घेतला तेव्हा वर्षाला ६,५०० होता. पाच वर्षांचे होतात ३२,५००. म्हणजे क्लाउडच स्वस्त! पैसे वाचतील म्हणून नॅस घेणाऱ्याने हा हिशेब कागदावर मांडावा आणि परत जावं. मी घेतला तो दोन कारणांनी. एक, गिऱ्हाइकांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे घरातच असलेले बरे. दुसरं म्हणजे वेळ. ३० एमबीपीएसच्या अपलोडने १ टीबी वर चढवायला अखंड तीन दिवस लागतात, तेही लाइन मध्ये तुटली नाही तर. घरात केबलने तेवढंच काम दोन-तीन तासांत उरकतं.

मांडणी सोपी आहे. पुढचं झाकण काढायचं, ट्रेमध्ये डिस्क बसवायची, आत सरकवायची, स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. राउटरला केबल, ब्राउझर उघडायचा, पुढे तोच विचारत जातो. दोन्ही डिस्कवर एकच माल लिहिला जातो, कार्बन पेपर घालून पावती फाडल्यासारखा. त्यामुळे ४ अधिक ४ टीबी घेऊन हाती ४ च येतात, आणि स्क्रीनवर दिसतात ३.६ च्या आसपास, कारण कंपनी हजाराने मोजते आणि संगणक १०२४ ने. यात फसवणूक नाही. डिस्क घेताना मात्र दुकानदाराला ठणकावून विचारा. मला आधी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची डिस्क "एकच असतंय सगळं" म्हणून पुढे सरकवली होती. नॅससाठीची आणि सीएमआर प्रकारची हवी, म्हणजे जिच्यावर लिखाणाच्या ओळी शेजारीशेजारी असतात; एसएमआरमध्ये त्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एसएमआर डिस्क एरवी ठीक चालते, पण एक डिस्क बदलून दुसरीवरून सगळं परत लिहायची वेळ आली की जीव सोडते.

आता उन्हाचं. या डब्याला कंपनीने सांगितलेली कमाल मर्यादा ४० अंश आहे, म्हणजे खोलीचं तापमान. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४३-४४ ला टेकतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत वाफ टाकत असतो. थंडीत डिस्कचं तापमान ३०-३२ दिसायचं. एप्रिलअखेर तेच ४५ च्या पुढे गेलं आणि मेच्या एका दुपारी ५१ दिसलं. डिस्क त्याहून जास्त सोसते, ६० च्या पुढे मर्यादा असते, पण रोज तिथवर नेण्यात अर्थ नाही. उपाय साधेच आहेत. डबा खालच्या मजल्यावर उत्तरेच्या खोलीत, फरशीपासून हातभर उंच फळीवर, मागे चार बोटं मोकळी. सेटिंगमध्ये पंखा 'क्वाएट' वरून 'कूल' मोडवर. आवाज थोडा वाढतो, उन्हाळ्यात तसाही कूलरपुढे काही ऐकू येत नाही.

कूलरवरून आठवलं. नॅस कूलरच्या झोतात ठेवू नका. गार हवा लागेल म्हणून बरेच जण तेच सुचवतात, पण त्या हवेत ओल असते आणि आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षारही. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर धरतो तो बघा, मग ठरवा तसली हवा डिस्कवर सोडायची का. धूळ वेगळीच. वावटळीचे दिवस असले की पंधरवड्याने मागची जाळी ब्रशने झाडावी लागते. डब्याच्या तोंडाला फडकं बांधणारेही पाहिलेत, त्याने धूळ अडते आणि हवाही.

विजेवर तर वेगळा लेख होईल. नुसती जाते तिचं काही नाही, इन्व्हर्टर आहे. त्रास झपक्यांचा. वळवाचा पाऊस आला, कुठेतरी फांदी तारेवर टेकली, की लाइट जाते-येते-जाते असं चार-पाच वेळा होतं. चालू लिखाणात नॅसचा श्वास असा तुटला की फाइल सिस्टिम बिघडू शकते. इन्व्हर्टरला मागे 'यूपीएस' आणि 'इको' असा खटका असतो, तो यूपीएसवर असला तर झपका बराचसा झाकला जातो. तरी नॅसला स्वतःचा यूपीएस हवाच, आणि तो यूएसबी पोर्टवाला. हे शोधताना दमलो. दुकानात सर्रास मिळणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसना बहुधा तो पोर्ट नसतो. पोर्ट असला की केबलने नॅसला कळतं की वीज गेली, बॅटरी संपत आली, आता लिखाण थांबवा. वीज आली की तो आपला आपण चालू होतो, तशी सेटिंग आहे. दुसरी गंमत म्हणजे इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही यूपीएसना त्याची वीज पसंतच पडत नाही. इन्व्हर्टर चालू असूनही यूपीएस बॅटरीवरच बसतो आणि थोड्या वेळात कुईं करून झोपतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असला तर ही कटकट नाही. वीज खर्च किरकोळ आहे : डिस्क फिरत असताना सतराएक वॅट, म्हणजे महिनाभर अखंड चालला तरी १२ युनिटच्या आसपास.

पावसाळ्याच्या तोंडाला डिस्क गेली. पहाटे अण्णा वरती आले, "अरे, ते डबडं कवाचं बोंबलायलंय, बघ बरं." खाली गेलो तर बीप चालू आणि एका डिस्कचा दिवा नारिंगी. लॉगिन केलं, 'डिग्रेडेड' असं लिहून आलेलं, म्हणजे आता एकाच डिस्कवर चाललंय. आधी बीप बंद केला. फोल्डर सगळे उघडत होते, बायकोने त्याच सकाळी हजेरीची फाइल काढून प्रिंटही घेतली, तिला काही झालंय हे कळलंसुद्धा नाही. खराब डिस्क चालू नॅसमधून ट्रेसकट ओढली, नवी बसवली, 'रिपेअर' दाबलं आणि रात्रभर चालू दिलं. पन्नास हजारांतले निम्मे त्या एका रात्रीत वसूल झाले म्हणा. जुनी डिस्क वॉरंटीत होती, पार्सल केली, बऱ्याच दिवसांनी बदलून आली ती 'रिसर्टिफाइड' शिक्क्याची, म्हणजे दुरुस्त केलेली. नियमात बसतं, पण गोड लागत नाही.

या भानगडीत एक गोष्ट लक्षात घ्या. वॉरंटीला गेलेल्या डिस्कवर तुमचा माल असतो, आणि बिघडलेली डिस्क पुसून पाठवायची सोय नसते. म्हणून गिऱ्हाइकांचा फोल्डर मी पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, ठेवलेला. त्यात मराठीत नावं देणाऱ्यांसाठी एक खुबी आहे. एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये फाइलच्या नावाला १४३ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीत ती १४३ अक्षरं होतात, देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला तीन-तीन बाइट लागतात, म्हणजे उरतात ४७. 'गट क्रमांक अमुक फेरफार वारस नोंद चुलत्याची प्रत सही शिक्क्यासह' असली अण्णांच्या पद्धतीची नावं तिथे बसत नाहीत. त्यांचे कागद मग साध्या फोल्डरमध्येच ठेवले. आणि श्रीलिपीतल्या जुन्या वर्ड फाइली ठेवताना सोबत त्यांचे फॉन्टही ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी उघडल्यावर नुसतं गिचमिड दिसेल.

टॅलीचा डेटा थेट नॅसवर ठेवून वायफायवर काम करू नये. जोडणी क्षणभर तुटली तरी टॅलीतला त्या कंपनीचा डेटा करप्ट व्हायची भीती. डेटा संगणकावर, रात्री त्याची प्रत नॅसवर, असंच माझं चालतं. त्यावर रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवशी फाइली जशा होत्या तशी जपलेली स्थिती. शाळेतल्या कुणीतरी बायकोच्या निकालपत्रकावर मागच्या वर्षीची फाइल चढवली होती. विंडोजमध्येच फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स' मधून आदल्या रात्रीची उचलली, दोन मिनिटांचं काम.

फोनचे फोटो चढवणारं अॅप चांगलं आहे, चेहरे ओळखून वेगळे लावतं. पण बहुतेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायच्या नादात अॅपला मागे झोपवतात, मग पोरगी म्हणते "पप्पा, तुमचं ते चालतच नाही." प्रत्येक फोनवर बॅटरीचं बंधन काढून ऑटोस्टार्ट चालू करून द्यावं लागतं. आणि फक्त कॅमेऱ्याचा फोल्डर निवडायचा. व्हॉट्सअॅपचा निवडला तर भावकीच्या ग्रुपवरचे सगळे शुभ सकाळ पिढ्यान्‌पिढ्या जतन होतील. बायकोला मात्र सगळ्यात आवडलं ते समोरचं 'सी' बटण. स्नेहसंमेलनाचं कार्ड रीडरमध्ये घालून समोरच्या यूएसबीत लावायचं, बटण दाबायचं, कॉपी होऊन जातं. लॅपटॉप उघडायचीच गरज नाही. टीव्हीवर सिनेमे बघण्यासाठी घेणाऱ्यांनी जरा थांबावं : २०२४ मध्ये आलेल्या डीएसएम ७.२.२ (डीएसएम म्हणजे नॅस चालवणारं सिनॉलॉजीचं सॉफ्टवेअर) पासून व्हिडिओ स्टेशन हे त्यांचं अॅप बंद झालंय. मी टीव्हीवर व्हीएलसीने फोल्डर उघडतो, भागतं.

बाहेरून उघडायचं तर इथल्या बऱ्याच इंटरनेट जोडण्यांवर स्वतःचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा वेगळा पत्ता, मिळत नाही, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडून बाहेरून थेट आत यायची पद्धत चालतच नाही. चालली तरी करू नका. जून २०२१ मध्ये जगभरातले माय बुक लाइव्ह नावाचे डबे इंटरनेटवरून कुणीतरी परस्पर पुसून टाकले, आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने क्यूनॅप कंपनीच्या नॅस डब्यांना कुलूप घालून खंडणी मागितली. मी टेलस्केल घातलंय, ते पोर्ट न उघडता आपल्याच उपकरणांना खासगी वाटेने जोडतं. लातूरहून पोरगी आणि पुण्याहून आमचा बापू त्यावरून येतात. वेग आपल्या अपलोडएवढाच, पीडीएफला पुरतो, व्हिडिओला रडवतो.

तिसऱ्या प्रतीशिवाय हे सगळं अर्धवट आहे. दोन डिस्क एकाच डब्यात, एकाच छताखाली. वीज कोसळली, चोरी झाली, तर दोन्ही गेल्या. नॅसवरच्या हायपर बॅकअप या अॅपने बाहेरच्या यूएसबी डिस्कवर प्रत निघते, ती बापू पुण्याला घेऊन जातो आणि सणावाराला आला की जुनी आणून नवी नेतो. घरात यातलं कुणीच बघणारं नसेल, महिन्यातून एकदा लॉगिन करून तापमान, डिस्क, बॅकअपची तारीख बघायचाही कंटाळा असेल, तर गूगलला पैसे द्या आणि मोकळे व्हा.

घ्यायचाच असेल तर 'जे' वाल्या डीएस२२३जे मध्ये १ जीबी रॅम आहे आणि डिस्क बदलायला डबा उघडावा लागतो. आमच्यासारख्या चार जणांच्या घराला २ जीबीचा हा बरा. रॅम वाढवता येत नाही आणि लॅनचा पोर्ट एकच, १ गिगाबिटचा, पण घरच्या कामाला तेवढा पुरे : केबलवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. सिनॉलॉजीच्या २०२५ च्या 'प्लस' नावाच्या मॉडेलवर कंपनीने स्वतःच्याच डिस्क वापरायची अट घातली होती, ती ऑक्टोबर २०२५ च्या डीएसएम ७.३ मध्ये सैल केली, तेव्हा जुने लेख वाचून बिचकू नका. मी स्वतः आता डब्यावर आणखी खर्च करणार नाही. दिवाळीच्या आत यूपीएसची बॅटरी बदलायची आहे, आणि बापूकडे ठेवायला एक जास्तीची बाहेरची डिस्क.