‘अर्धे पैसे तुमचे, अर्धे कंपनीचे’ : भावाच्या गाडीचे 4,10,500 रुपये गेले

व्हीलचेअरवरच्या भावासाठी गाडी घ्यायला जमवलेले पैसे एका भामट्याने लुबाडले. रक्कम आधीच सांगतो. 4,10,500 रुपये. त्यातले माझे 60,000, बाकी सगळे लोकांचे. मामा, दोन्ही आत्या, भावाचे पॉलिटेक्निकचे मित्र, नागपुरात मानेवाड्यातलं आमच्या कॉलनीचं गणेश मंडळ. मंडळाने डीजे रद्द करून 31,000 दिले होते. आता मंडळाची पोरं रस्त्यात भेटली की मला तोंड वर करून बोलता येत नाही.

धाकट्या भावाच्या मानेच्या मणक्याला इजा आहे. हाताला पकड नाही, त्यामुळे मोटराइज्ड ट्रायसिकल त्याच्या कामाची नाही. मेट्रोत व्हीलचेअर जाते, पण घरून स्टेशनपर्यंत न्यायचं कसं? ऑटोवाले व्हीलचेअर दिसताच पुढे निघून जातात. मेडिकल हॉस्पिटलला फिजिओथेरपीला न्यायचं तर दोघांनी उचलावं लागतं, त्यातली एक माझी 63 वर्षांची आई. म्हणून मागून रॅम्प असलेली, व्हीलचेअरसकट आत जाता येईल अशी व्हॅन हवी होती.

मदतीचं आवाहन व्हॉट्सअॅपवर फिरलं आणि त्यातूनच एका माणसाचा फोन आला. सीएसआर फंडातून, म्हणजे कंपन्या समाजकार्यासाठी देतात त्या पैशातून, दिव्यांगांना गाड्या देणाऱ्या ट्रस्टचा समन्वयक म्हणाला स्वतःला. रॅम्प बसवून गाडी 7,84,000 ची, अर्धे कंपनी भरणार, अर्धे कुटुंबाने भरायचे. म्हणजे 3,92,000. देणाऱ्यांना हिशेब कळावा म्हणून मी दर रविवारी जमा रक्कम ग्रुपवर टाकत होतो, आणि त्या आठवड्याचा आकडा होता 3,94,500. त्याने मागितलेली रक्कम बरोबर आमच्या खिशात मावणारी होती. लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांना देणं चूक आहे का? तरीही सांगतो, जमा रक्कम जाहीर ग्रुपवर टाकू नका. देणाऱ्याला वेगळा मेसेज करा.

बुकिंगचे 1,00,000 क्यूआर कोडवर घेतले. स्क्रीनवर ट्रस्टऐवजी एका बाईचं नाव आलं, तर म्हणे त्या आमच्या कोषाध्यक्ष. आमच्या मंडळाची वर्गणीसुद्धा कोषाध्यक्षांच्याच नंबरवर जाते, मग मला त्यात वावगं काय वाटणार?

पण थांबायची खरी जागा बँकेतली. 2,92,000 आरटीजीएस करायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मॅडमनी नाव तपासलं. 2025 पासून खातेदाराचं नाव आधी दिसण्याची सोय आहे. नाव निघालं कुठल्याशा एंटरप्रायझेसचं. मॅडम म्हणाल्या, “भाऊ, नाव वेगळं येते, टाकू ना?” मी तिथूनच त्याला फोन लावला. तो एक सेकंदही अडखळला नाही. “दादा, ते गाडीचं काम करणाऱ्या वर्कशॉपचं खातं आहे. पैसा थेट वर्कशॉपला जातो, म्हणजे मधे कोणी खात नाही.” मधे कोणी खात नाही! आपल्याकडे याच एका गोष्टीची सगळ्यांना धास्ती असते, आणि त्याने नेमकी तीच नस दाबली. मागे रांग होती, मॅडम पेन धरून बसल्या होत्या. मी सही केली. तो क्षण रोज रात्री डोळ्यांपुढे येतो. नाव जुळलं नाही की तिथेच थांबा. समोरच्याचं कारण ऐकूच नका, कारण त्याचं कारण तयारच असतं.

नंतर आरटीओ मंजुरीचे म्हणून 18,500 गेले. मंजुरीचं पत्रही आलं, शिक्क्यासह. गाडीत बदल करायची परवानगी ज्या गाडीत बदल करायचा तिच्यावर मिळते, आणि या पत्रात ना गाडी नंबर होता, ना चासी नंबर. हे मला नंतर एका एजंटने दाखवलं. साध्या माणसाने असं पत्र आयुष्यात कधी पाहिलेलं असतं? हिंगणा एमआयडीसीतल्या त्या वर्कशॉपच्या पत्त्यावर दुसऱ्याच कोणाचं गोदाम निघालं.

केरळमध्ये 2025 मध्ये सीएसआरच्या नावावर अर्ध्या किमतीत स्कूटर देण्याचा घोटाळा उघड झाला, तोही असाच. कंपनीचा सीएसआर पैसा संस्थेमार्फत खर्च होणार असेल, तर 1 एप्रिल 2021 पासून त्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 नोंदणी लागते. तो नंबर मागा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांकही मागा, आणि स्वतः जाऊन पडताळा.

आता यंत्रणेबद्दल. पोलीस ठाण्यात म्हणाले, फोनवरून झालं ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः बँकेत जाऊन सही केली, हे आमच्यात बसत नाही, आर्थिक गुन्हे शाखेत जा. तिथे, रक्कम लहान आहे, परत पोलीस ठाण्यात जा. लहान! आईच्या कानातलं सोनं त्यात गेलं आहे. एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “इतके शिकलेले अन् तरी कसे फसता?” शिकलेला फसला म्हणून चोर सुटतो का? दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असो, पोलिसांना तो नोंदवून घ्यावाच लागतो, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं स्पष्ट आहे. ते मी बोलून दाखवलं तर म्हणे, वकील आहात का? बँकेचं उत्तर एका ओळीचं, व्यवहार ग्राहकाने स्वतः अधिकृत केला आहे. दिव्यांगांच्या नावाने भाषणं करणारे आमचे लोकप्रतिनिधी पत्र देतो म्हणाले, ते पत्र अजून यायचं आहे.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केल्यामुळे, पैसे पुढे वळवलेल्या एका खात्यात 46,200 रुपये गोठवले गेले आहेत, तेही अजून हातात आलेले नाहीत. पहिल्या तासात फोन केला असता तर जास्त अडकले असते, पण तो आठवडाभर “गाडी रंगायला गेली” म्हणत होता, आम्हाला कळणार कसं? तुम्हाला शंका आली की त्याला जाब विचारू नका. आधी 1930 लावा.

आमच्या काही नातेवाइकांनी त्या क्यूआरवर परस्पर पैसे टाकले होते. ती रक्कम माझ्या तक्रारीत धरलेली नाही. त्यांनी ज्याच्या त्याच्या नावाने तक्रार करावी, सोबत यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा नंबर) आणि बँकेचं स्टेटमेंट लावावं, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नये. मला फोन करा, मी सोबत येतो.