सिकलसेलच्या घरी नाळेचं रक्त साठवायला कोणी आलं तर

लाखांदूर, पवनी, साकोली, अर्जुनी मोरगाव या आपल्या धानपट्ट्यात ज्यांच्या घरी सिकलसेलचं, म्हणजे जन्मजात वाकड्या रक्तपेशींच्या आजाराचं, लेकरू आहे आणि पुन्हा बाळंतपण येऊन ठेपलं आहे, त्यांनी हे पूर्ण वाचावं. बाकीच्यांनी वाचून अशा एखाद्या घरी पोचवलं तरी चालेल.

माझा धाकटा भाऊ आणि भावसून दोघंही एएस, म्हणजे सिकलसेलचे वाहक. पुतण्या एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजारी. थंडी पडली की त्याचे हातपाय ठणकतात, रात्र रात्र रडतो, दोनदा रक्त चढवावं लागलं. भावसुनेला सातवा लागला आणि भावाला एक फोन आला. समोरच्याला तिची तारीख माहीत होती, पुतण्याचा आजारही माहीत होता. ही माहिती कुठून गेली याचं उत्तर ना त्या खासगी दवाखान्याने दिलं, ना सोनोग्राफीवाल्याने. दोन दिवसांत नाळेचं रक्त साठवणाऱ्या खासगी कंपनीचा माणूस घरी हजर. एजंट म्हणवत नव्हता, ‘समुपदेशक’ म्हणवत होता.

बोलणं गोड. ओसरीवर बसला, चहा घेतला, पुतण्याला जवळ घेऊन त्याचे पिवळे डोळे पाहिले. मग म्हणाला, “दादा, तुम्ही लोक नाळ मातीत पुरता ना? सोनं पुरता, सोनं.”

आई म्हणाली, “पुरत नाई त काय करतो जी?”

तिथून त्याने टॅबलेट उघडला. येणाऱ्या बाळाच्या नाळेतल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, काढून गोठवायच्या, त्या मोठ्याला दिल्या की त्याचा सिकलसेल ‘शंभर टक्के’ जाणार. बाळालाच सिकलसेल निघाला तरी भिण्याचं कारण नाही, त्याच्या स्वतःच्या पेशी त्याला कामी येतील. ऐंशीच्या वर आजारांची यादी दाखवली. सरकारमान्य म्हणून परवान्याचा फोटो दाखवला. एकूण रक्कम ६५ हजार. धानाचे चुकारे यायचे होते, घरात पैसा नव्हता, तर म्हणे पाच हजार आता द्या, बाकीचे बिनव्याजी हप्ते. आधार कार्ड, मोबाईलवर आलेला ओटीपी, बोटाने सही. काम झालं.

यातलं किती खरं होतं हे आम्हाला पुढे नागपूरच्या रक्तविकाराच्या डॉक्टर मॅडमनी कागदावर आकडे मांडून समजावलं. ते मी जसंच्या तसं इथे देतो, कारण एजंटासमोर हेच आकडे उपयोगी पडतात.

नाळेच्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात, हे खरं. १९८८ साली पॅरिसमध्ये एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतल्या पेशी देऊन पहिल्यांदा बरं केलं, हेही खरं. सिकलसेलमध्ये जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाच्या मूळ पेशी देऊन आजार जाऊ शकतो, तेही खरं. एजंट एवढ्या खऱ्यावरच उभा राहतो, म्हणून तो पकडता येत नाही.

आता खोटं कुठे शिरतं ते पाहा. आईबाप दोघं एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस निघण्याची शक्यता चारात एक. पेशी देता येण्यासाठी बाळ एसएस नसणं ही झाली पहिली अट. दुसरी अट म्हणजे एचएलए, म्हणजे शरीराला आपलं-परकं ओळखू देणाऱ्या पेशींवरच्या खुणा, जुळणं, आणि सख्ख्या भावंडांत ते पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एकच. सिकलसेलचं जनुक ११व्या गुणसूत्रावर आणि एचएलएची जनुकं ६व्यावर, त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दोन्ही अटी एकदम जमण्याचा हिशेब निघतो सोळात तीन. शंभर टक्के म्हणणाऱ्याला हे सोळात तीन विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

बाळाच्या स्वतःच्या पेशी बाळाला, हे तर सरळसरळ खोटं. सिकलसेलचा दोष जन्मतः प्रत्येक पेशीत असतो, तोच दोष नाळेतल्या पेशींतही असतो. त्या गोठवून वीस वर्षांनी परत दिल्या तर परत तसंच वाकडं रक्त तयार होणार. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुक-उपचारात रोग्याच्याच पेशी घेतात, पण आधी त्यांच्या जनुकात बदल करून मग परत देतात, आणि अमेरिकेत त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे. तशीच्या तशी गोठवलेली पिशवी म्हणजे तो उपचार नव्हे. ऐंशी आजारांच्या त्या यादीतले जे जन्मजात आहेत त्यांना स्वतःच्या पेशी चालत नाहीत, आणि लहानपणीच्या रक्ताच्या कर्करोगातही सहसा दुसऱ्याच्याच पेशी घेतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोघांनीही २०१८ सालीच सांगून ठेवलंय की भविष्यात स्वतःला उपयोगी पडेल म्हणून नाळेचं रक्त खासगीत साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. आमच्या ओसरीपर्यंत हे पोचलं नव्हतं, एजंट मात्र पोचला होता.

मुलगी झाली. एएस निघाली, त्यातल्या त्यात सुटलो. पण बाळंतपणाच्या वेळी कंपनीच्या किटमध्ये रक्त जास्त यावं म्हणून नाळ लगेच चिमटा लावून कापली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नाळ किमान एक मिनिट थांबून बांधावी, तेवढ्यात बाळाला लोह मिळतं. भावसुनेचं हिमोग्लोबिन आधीच कमी. म्हणजे बाळाच्या वाट्याचं रक्त पिशवीत गेलं. याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

मग सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आलं. त्यावर बाळाचं नाव, एक लांबलचक नंबर, आणि पेशी किती आहेत याबद्दल एक अक्षर नाही. मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं ते हेच: एकूण पेशी किती, सीडी ३४, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, किती, जंतूंची तपासणी झाली का, एचएलए कोणी केलं? कंपनीला मेल टाकत राहिलो. दरवेळी नवीन नावाच्या ताई फोन करून ‘आपली तक्रार महत्त्वाची आहे’ म्हणायच्या. वकिलाची नोटीस गेल्यावर अहवाल आला. गोठवण्याआधीच्या पेशी ३१ कोटी. पुतण्याचं वजन १८ किलो, आणि किलोमागे निदान अडीच कोटी लागतात, म्हणजे ४५ कोटी. वितळवताना काही मरतात ते वेगळंच. आणि एचएलए आम्हीच करून घेतलं तर बहिणीचं भावाशी जुळलंच नाही.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून भाऊ डोक्याला हात लावून बसला. एचएलए जुळलं असतं तरी पिशवी साठवणं हा एकच रस्ता नव्हता. बहीण घरातच वाढते आहे, ती थोडी मोठी झाल्यावर तिच्या अस्थिमज्जेतून पेशी घेता आल्या असत्या.

परवान्याबद्दल. औषध प्रशासनाचा परवाना खरा होता. तो रक्त गोळा करून साठवण्याचा असतो. रोग बरा करतो म्हणून सांगण्याचा परवाना त्यात नसतो. करारात तर बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की साठवलेल्या पेशी उपयोगी पडतीलच याची हमी कंपनी देत नाही. मराठी माहितीपत्रकात हे वाक्य नव्हतं.

हप्ते थांबवायला गेलो तेव्हा कळलं की कर्ज कंपनीचं नाहीच, एका फायनान्सवाल्याचं आहे. कंपनीला पूर्ण पैसे केव्हाच मिळाले होते. हप्ता चुकला की सिबिल बिघडतो आणि खरिपाच्या तोंडावर पीककर्जाला बँक नाही म्हणते. शेतकऱ्याला यात कसा बांधून टाकतात ते लक्षात घ्या.

एवढं होऊनही त्याच माणसाचा पुन्हा फोन. आता म्हणे दुसऱ्या शहरात ‘स्टेम सेलची इंजेक्शनं’ मिळतात, तीन लाख, जुळवाजुळवीची गरजच नाही. या वेळी भावसुनेनेच फोन घेतला. “काऊन जी, माझ्या पोट्ट्याचं वजन तरी माहीत हाय का तुमाले?” एवढं विचारून ठेवून दिला. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्त तयार करणाऱ्या पेशींचं रोपण एवढाच मान्य उपचार आहे. बाकी सगळं संशोधन, आणि संशोधनासाठी रोग्याकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले की तिथेच उठायचं.

पुतण्या आता सरकारी दवाखान्यातल्या हायड्रॉक्सियुरियावर आहे, गोळ्या फुकट मिळतात, ठणका पुष्कळ कमी झाला. २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा दिव्यांगत्वात समावेश आहे, त्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केलाय. पुढचं गरोदरपण राहिलं तर तिसऱ्या महिन्याच्या आतबाहेर गर्भाची वार तपासून बाळ एसएस आहे की नाही हे कळतं आणि सिकलसेलसाठी ती तपासणी कायद्याने चालते, हे आम्हाला पहिल्यांदा नागपुरात कळलं.

तक्रार आम्ही भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात टाकली आहे. कंपनी दुसऱ्या राज्यातली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, करारात लवादाचं कलम असलं तरी आयोगाचं दार बंद होत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती जाऊ देऊ नका. कंपनीने उत्तरात लिहिलं आहे की त्यांच्या कोणत्याही प्रतिनिधीने बरं करण्याचं आश्वासन दिलं नव्हतं. त्या माणसाने भावाच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर आणि आवाजाचे संदेश आम्ही पुसले नव्हते, तेच आता पुढच्या तारखेला जोडतो आहे.