२०० एमबीपीएसच्या प्लॅनसोबत मिळणारा एक्सपॉन डबा: वायरने पास, वायफायने नापास

लोकल केबलवाले फायबर कनेक्शनसोबत बहुतेकदा जो पांढरा डबा भिंतीला लावून जातात, तो एक्सपॉन ओएनयू, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचं नेटच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा. हिरव्या टोकाची फायबर, दोन लॅन पोर्ट, दोन अँटेना. शंभरच्या प्लॅनला ठीक आहे. दोनशेचे पैसे मोजत असाल तर मात्र जरा मागची बाजू बघा.

दोन्ही पोर्ट दिसायला सारखी, पण या स्वस्त मॉडेलांत बऱ्याचदा एकच गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचं असतं. दुसरं 'एफई', म्हणजे शंभरचं. त्यात केबल खोचली की स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास अडते, मग प्लॅन ५०० चा का असेना. टेस्टला सारखा ९४ चाच आकडा येत असेल तर कस्टमर केअरला फोन लावण्याआधी केबल दुसऱ्या पोर्टात टाका. तिथेही ९४ च? मग केबल. गिगाबिटला आठही तारा लागतात. घाईत प्लगमध्ये चारच दाबून बसवल्या (क्रिंप केल्या) असतील तर लिंक शंभरवरच बसते. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसायला हवा. तो आला की १ जीबीची फाइल साधारण ४० सेकंदांत उतरते, कारण २०० मेगाबिट म्हणजे २५ मेगाबाइट.

वायफायची गोष्ट वेगळी. खोक्यावर '३०० एमबीपीएस' छापलेलं असतं, पण तो ४० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवरचा कागदी वेग. डबा ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतो, त्यावरच बिल्डिंगमध्ये शेजारपाजारचे राउटर गर्दी करतात, डबा २० मेगाहर्ट्झवर उतरतो, कागदी वेग १४४ होतो आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी नशीब. चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचं निवडलं तर थोडा फरक पडतो, दोनशे काही होत नाहीत.

उपाय एकच: ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर, गिगाबिट पोर्टाला जोडून. घेताना खोक्यावरच्या 'एसी१२००' या वायफायच्या कागदी वेगाच्या आकड्यावर भाळू नका. त्या वर्गातल्या कित्येक स्वस्त राउटरांचं वॅन पोर्टच, म्हणजे नेट जिथून आत येतं ते, शंभरचं असतं. स्पेसिफिकेशनमध्ये वॅन पोर्टापुढे '१०/१००/१०००', म्हणजे गिगाबिट, वाचूनच पैसे द्या.

नेट मधूनमधून तुटत असेल तर डब्याच्या सेटिंग पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधून डब्यापर्यंत पोहोचणाऱ्या सिग्नलची ताकद, बघा. उणे २७ डीबीएमच्या खाली (उणे २८, उणे २९ अशी) गेली असेल तर फायबर कुठेतरी दुमडलीय किंवा जोड खराब आहे. राउटर बदलून उपयोग नाही, लाइनमनलाच बोलवा.