टामियाची १/७०० ई-क्लास डिस्ट्रॉयर: पहिलं जहाज घेताय तर यामाटो राहू दे, ही घ्या

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईतली मंडळी सुटतील. टामिया या जपानी कंपनीचं प्लास्टिकचं जोडायचं किट, १/७०० मधली (म्हणजे खऱ्याच्या सातशेपट लहान) ब्रिटिश ई-क्लास डिस्ट्रॉयर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लहान वेगवान युद्धनौका, पाचपैकी साडेचार, आणि जो अर्धा कापलाय तो रेलिंगसाठी. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, लांबण लागणार आहे.

आपल्याकडे कोणालाही युद्धनौका बनवायची हुक्की आली की तो थेट यामाटोवर, त्या अवाढव्य जपानी युद्धनौकेवर, उडी मारतो. नाव मोठं, बॉक्स मोठा, बॉक्सवरचं चित्र तर विचारूच नका. पण यामाटो होती २६३ मीटरची, म्हणजे १/७०० मधे साधारण साडेसदतीस सेंटिमीटर आणि १/३५० घेतली तर पाऊण मीटर, आता ती ठेवणार कुठे, वन बीएचकेमधे पुस्तकांचं कपाट आधीच भरलेलं असतं. जागा मिळाली असं धरू, पण तिच्यावर विमानविरोधी तोफा इतक्या आहेत की तोच तो बारीक तुकडा कापा, घासा, चिकटवा, परत तेच, आणि मग बॉक्स माळ्यावर जातो तो जातोच. ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या माळ्यावर अशी एक अर्धवट यामाटो आहे, खोटं नाही सांगत.

ई-क्लास खरी होती साधारण १०० मीटरची. १/७०० मधे चौदा सेंटिमीटरच्या थोडी वर, सहा इंची पट्टीवर मावते. चार ४.७ इंची तोफा, चार-चार नळ्यांचे दोन टॉर्पेडो लाँचर, दोन धुराडी, एक ब्रिज (कप्तान उभा राहतो ती वरची जागा), झालं. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर बसलं तरी ती पुढे सरकताना दिसते, आणि नवीन माणसाला तेच हवं असतं, की बाबा काहीतरी पूर्ण झालं.

ही वॉटरलाइन प्रकारातली आहे, म्हणजे पाण्याखालचा भाग दिलेलाच नाही, तळ सपाट. काही जणांना हे अर्धं जहाज वाटतं आणि ते नाक मुरडतात. मला उलट हेच आवडतं, कारण सपाट तळ म्हणजे थेट समुद्रावर बसवता येतं. जपानमधल्या शिझुओकातल्या टामिया, आओशिमा, हासेगावा आणि फुजिमी अशा चार कंपन्यांनी १९७१ मधे मिळून ही वॉटरलाइन सिरीज सुरू केली, जहाजं आपापसात वाटून घेतली आणि स्केल सगळ्यांनी एकच ठेवलं. फुजिमी १९९२ मधे बाहेर पडली. पण त्या एका स्केलच्या निर्णयामुळे आज वेगवेगळ्या कंपन्यांची जहाजं एकाच पाण्यात शेजारी ठेवता येतात, आणि डायोरामा, म्हणजे जहाजाभोवती समुद्रासकट सगळा देखावा, करणाऱ्याला हे सोन्यासारखं आहे.

किटबद्दल. ग्रे प्लास्टिक, कडा स्वच्छ, जोड नीट बसतात, टामियाचं नाव ज्यासाठी आहे ते इथे मिळतं. गोंद म्हणून टामियाचाच एक्स्ट्रा थिन घ्या, त्यावर काटकसर नको. तुकडे आधी जुळवून धरायचे आणि ब्रश नुसता फटीला टेकवायचा, गोंद आपला आपण आत ओढला जातो, प्लास्टिक वितळून एकजीव होतं, बाहेर डाग नाही. तुकडे मात्र फार बारीक आहेत. आमच्याकडे जुनं मोझॅक आहे आणि ग्रे तुकडा त्या जमिनीवर पडला की तो गेला, म्हणून खाली पांढरी चादर अंथरूनच बसते. पंखा बंद. उकडतं, पण इलाज नाही.

आता तो कापलेला अर्धा मार्क. बॉक्समधे रेलिंग नसतं. या स्केलला प्लास्टिकमधे तेवढं बारीक रेलिंग ओतता येणारच नाही हे मान्य, पण ब्रिटिश डिस्ट्रॉयरचं अर्धं रूप त्या रेलिंगमधे असतं, त्यामुळे पितळी फोटोएच (पातळ पत्र्यात कोरलेले बारीक भाग) वेगळं घ्यावं लागतं, आणि त्याची किंमत बघून पहिल्यांदा घेणाऱ्याला झीट येते. माझा सल्ला, पहिल्या जहाजाला रेलिंग लावूच नका. जाड रेलिंग लावलेल्या जहाजापेक्षा रेलिंग नसलेलं जहाज जास्त खरं दिसतं. दुसऱ्या वेळी लावा, फेव्हिक्विकचा थेंब जुन्या झाकणावर काढून सुईच्या टोकाने, नळीतून डायरेक्ट नाही.

किंमत मुद्दाम लिहीत नाही, प्रत्येक विक्रेत्याकडे वेगळी असते आणि सारखी बदलते. एकच सांगते, बॉक्स कसा पॅक करून पाठवणार ते ऑर्डर करायच्या आधी विचारून घ्या. एका ऑनलाइन विक्रेत्याने (नाव घेत नाही) नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत पाठवलेलं, मास्ट (डोलकाठी) तीन ठिकाणी मोडलेला, आणि तक्रार केली तर म्हणे मॅडम चिकटवायचंच तर आहे ना सगळं. यावर काय बोलणार.

बाकी सामानासाठी मात्र पुण्यासारखं गाव नाही. मास्टवरचे आडवे दांडे करायला बारीक तांब्याची तार लागते, ती बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागा, मोटर वाइंडिंगची म्हणून. सॅंडपेपर, बारीक कानशी, चिमटे, एमडीएफचा तुकडा असलं सगळं बोहरी आळीत. तिथे गाडी घेऊन जाऊ नका, चालत जा. ब्रश आणि जेल मीडियम आर्ट मटेरियलच्या दुकानात. रिगिंगसाठी, म्हणजे मास्टवरून ताणलेल्या तारा-दोरांसाठी, मला कोणीतरी तुळशीबागेतून गंगावन आणून त्याचा केस वापर म्हणून सांगितलेलं, आयडिया गमतीशीर आहे पण हिशोब करून बघा, केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर, गुणिले ७००, म्हणजे खऱ्या जहाजावर पाच सेंटिमीटर जाडीचा दोर झाला. वायरलेसची तार काय पाच सेंटिमीटर असते का. त्यापेक्षा किटचाच उरलेला स्प्रू (तुकडे ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडलेले येतात ती) मेणबत्तीवर धरून मऊ करा आणि हळू ओढा, केसापेक्षा बारीक धागा निघतो, फुकटात.

रंग. सूचनापत्रकात टामियाच्या रंगांचे एक्सएफ नंबर दिलेले असतात, ते घेतले की झालं. एअरब्रश नसेल तर या साइजला साधा चांगला ब्रश चालतो, पातळ दोन-तीन हात. जुलै-ऑगस्टमधे लॅकर (थिनरमधला झटपट वाळणारा रंग) मारायचा नाही हे मात्र लिहून ठेवा. हवेत ओल असली की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंगावर पांढरट झाक येते, ग्लॉस म्हणजे चकचकीत वार्निशला तर हमखास. पावसाळ्यात तुकडे कापून घासून ठेवा आणि रंग दसऱ्यानंतर, तसंही दिवाळीच्या सुट्टीत वेळ मिळतो.

दिवाळीवरून आठवलं. डायोरामा हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही, आपण सगळ्यांनी लहानपणी किल्ले केलेत. पोत्यावर चिखल, उतारावर अळीव, खाली हौदात कागदाची होडी. फरक इतकाच की किल्ल्यावर महाराज बुरुजाहून उंच बसतात आणि कोणाला काही वाटत नाही, आणि इथे १/७०० म्हणजे पावणेसहा फुटी माणूस भरतो अडीच मिलिमीटरला. तीनचा झाला तर तो सात फुटी राक्षस दिसतो. एकदा नजर तयार झाली की मग गुगलवर लोकांचे समुद्र बघवत नाहीत.

कारण लोक खरे चुकतात ते समुद्रात. जहाज दिमाखदार आणि खाली गोव्याच्या रिसॉर्टसारखं निळं पाणी. ई-क्लासमधली इलेक्ट्रा करायची असेल (नंबर एच २७) तर ती मे १९४१ मधे उत्तर अटलांटिकमधे होती, तिथलं पाणी करडं, हिरवट काळं, वर आभाळ शिशासारखं. निळा रंग डब्यातच राहू दे.

लाटांची उंची पण बघा. चार मीटरची लाट म्हणजे चांगलाच खवळलेला समुद्र, पण १/७०० मधे ती सहा मिलिमीटरलाही पोचत नाही. लोक दोन सेंटिमीटरचे डोंगर करतात, म्हणजे चौदा मीटर. आणि जहाजामागे जो व्ही आकार पसरतो ना त्याची प्रत्येक बाजू मधल्या रेषेपासून साधारण साडेएकोणीस अंशावर असते, खोल पाण्यात वेग कितीही असो, बदकाच्या मागेही तोच कोन. खडकवासल्याला गेलात की बघा. वेगाने बदलते ती लाटांमधली लांबी. वीस नॉट्सला (ताशी साधारण ३७ किलोमीटर) जहाजाबरोबर धावणाऱ्या दोन लाटांमधे साधारण ६८ मीटर, म्हणजे मॉडेलवर जवळजवळ दहा सेंटिमीटर. दहा नॉट्सला तेच अडीच सेंटिमीटरच्या आत. तीस नॉट्सला ती लांबी जहाजाहून मोठी होते, म्हणून भरधाव डिस्ट्रॉयरच्या फोटोत नाक वर उचललेलं आणि शेपूट पाण्यात बसलेलं दिसतं. एवढं कळलं की कुठे किती फेस टाकायचा ते आपोआप ठरतं, आणि बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण पटतं.

कृती साधी आहे. एमडीएफवर जहाजाच्या तळाची रेषा पेन्सिलने मारा, टिश्यू पेपरचे तुकडे पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटवा, ओलं असतानाच बोटाने ढकलून लाटा उचला, वाळू द्या. मग गडद करडा-हिरवा, वर दोन-तीन वेळा ग्लॉस, आणि फेस शेवटी कोरड्या ब्रशने पांढरा, हात आवरून. या सगळ्याचा खर्च किटच्या पासंगालाही पुरत नाही.

इलेक्ट्राच का, तर तिचं आयुष्य. २४ मे १९४१ ला सकाळी डेन्मार्क सामुद्रधुनीत जर्मन युद्धनौका बिस्मार्कशी गाठ पडली आणि ब्रिटिशांची मोठी युद्धनौका हूड फुटून बुडाली. हूडच्या सोबतीच्या डिस्ट्रॉयर शोधमोहिमेत लांब होत्या, इलेक्ट्रा तिथे पोचली सुमारे दोन तासांनी. शेकडो माणसं पाण्यात असतील म्हणून डेकवर सगळी तयारी करून ठेवलेली. १४१८ जणांपैकी तिघे सापडले, ब्रिग्ज, डंडास आणि टिलबर्न. वेगवेगळ्या छोट्या तराफ्यांवर होते आणि वाहून जाऊ नये म्हणून बराच वेळ त्यांनी तराफे एकमेकांना धरून ठेवलेले. त्याच वर्षी १० डिसेंबरला मलायाजवळ जपानी विमानांनी प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या, तिथेही माणसं उचलायला इलेक्ट्रा होती. आणि २७ फेब्रुवारी १९४२ ला जावा समुद्रात ब्रिटिश क्रूझर एक्सेटर जखमी झाली, तिला आडोसा द्यायला इलेक्ट्रा धुरातून थेट शत्रूवर गेली ती बुडालीच. ही एक्सेटर म्हणजे १९३९ मधे जर्मन युद्धनौका ग्राफ श्पेविरुद्ध अजॅक्स आणि अकिलीस या जहाजांच्या जोडीने लढली ती, आणि अकिलीस १९४८ मधे आपल्या नौदलात आली, तीच जुनी आयएनएस दिल्ली. असे धागे सापडत जातात, या छंदात प्लास्टिकपेक्षा वाचनच जास्त होतं.

मी केलाय तो प्रसंग हूडनंतरचा. जहाज जवळजवळ थांबलेलं, म्हणून मागे व्ही नाही, फेस नाही, तेलाचा तवंग दाखवायला काळ्या-तपकिरी ग्लॉसचे लांबट पट्टे आणि त्यात तीन तराफे. भाचा म्हणाला मावशी, तोफा उडताना का नाही दाखवल्या, कापसाचा धूर मस्त दिसला असता. दिसला असता, पण कापसाच्या धुराला माझा कायमचा विरोध आहे, तो नेहमी कापूसच दिसतो.

कोणी घेऊ नये तेही सांगते. जवळचा चष्मा लागलाय आणि भिंगाचा कंटाळा असेल तर १/७०० च्या नादी लागू नका, सरळ १/३५० मधली टामियाची फ्लेचर (अमेरिकन डिस्ट्रॉयर) घ्या, साधारण तेहेतीस सेंटिमीटर, हाताला धरता येतात असे तुकडे. दहा वर्षांच्या मुलाला पहिलं किट म्हणून द्यायचं असेल तर जहाजच नको, एखादं विमान द्या.

आणि ॲक्रिलिकची केस. हिला टाळाटाळ करू नका, मेट्रो आणि बांधकामांच्या धुळीत उघडं जहाज महिन्याभरात राखाडीचं तपकिरी होतं आणि रिगिंगवरची धूळ पुसता येत नाही, तुटतंच. साइनबोर्ड बनवणारे लोक मापाप्रमाणे कापून चिकटवून देतात. माप देताना जहाजाचं नाही, समुद्राच्या पाटाचं द्या, सगळ्या बाजूंनी पाच मिलिमीटर जास्त, आणि उंची मास्टच्या टोकाच्या वर दोन सेंटिमीटर तरी.