जुना रंधा : लोखंडी घ्यावा की लाकडी?

नवा रंधा न घेता जुनाच शोधायचा असे ज्याने ठरवले आहे, त्याला सांगली-मिरजेच्या भंगार दुकानांत बहुधा दोनच प्रकार भेटतात. एक स्टॅन्ले किंवा रेकॉर्ड कंपनीचा ओतीव लोखंडी रंधा, आणि दुसरा एखाद्या सुताराच्या घरातून बाहेर पडलेला पाचरीचा लाकडी रंधा. मी दोन्ही घेतले, दोन्ही दुरुस्त केले आणि दोन्हींवर सागवान व शिसव रंधून पाहिले. माझा अनुभव एका हौशी माणसाचा आहे. रोजची मजुरी रंध्यावर चालणाऱ्या कारागिराचे मत वेगळे असू शकते.

लोखंडी रंध्याची रचना मुळात लेनर्ड बेली या अमेरिकन हत्यार बनवणाऱ्याची. त्यांचे पेटंट स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये घेतले आणि मागचे पितळी चाक फिरवून पाते खाली-वर करण्याची ती सोय आजही तशीच चालू आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्डने १९३१ पासून त्याच धर्तीवर रंधे काढले. लिव्हर कॅपचे, म्हणजे पाते वरून दाबून धरणाऱ्या लोखंडी झाकणाचे, छिद्र काजूच्या आकाराचे असेल, तर तो स्टॅन्ले १९३३ नंतरचा समजावा, अशा खुणा संग्राहकांना मोलाच्या वाटतात. लाकूड रंधणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. त्याने तोंडाजवळ, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पाते बाहेर येते तिथे, तडा आहे का हे आधी पाहावे, कारण ओतीव लोखंड वाकत नाही, शहाबादी फरशीवर पडले की तडकते. पाते काढून त्याची सपाट बाजूही पाहावी. २०१९ च्या महापुरात पाण्याखाली राहिलेली हत्यारे अजूनही विक्रीला येतात, आणि धारेजवळ गंजाचे खड्डे पडले असतील तर निसण्यावर कितीही वेळ घालवला तरी धार अखंड येत नाही.

एवढे सगळे पाहूनच मी चारशे रुपयांना एक पाच नंबरचा, म्हणजे मध्यम लांबीचा, स्टॅन्ले घेतला. तडा नव्हता, पाते चांगले होते. फक्त लिव्हर कॅप ज्या स्क्रूवर अडकते तो स्क्रू नव्हता, आणि एवढ्याशा स्क्रूसाठी चांगला रंधा कशाला सोडायचा, असे मला वाटले. तो स्क्रू ९/३२ इंच व्यासाचा आणि इंचाला २४ आट्यांचा असतो, हे मला नंतर कळले. आपल्याकडच्या नट-बोल्टच्या दुकानांत मिलिमीटरचा माल भरपूर मिळतो, इंचातला मागितला तर पाव इंच किंवा ५/१६ पुढे केला जातो, आणि माझा स्क्रू नेमका या दोहोंच्या मध्ये होता. तीन दुकाने फिरून झाल्यावर कुपवाडच्या एका लेथवाल्याने एकच नग करून देण्याचे कबूल केले. त्याला तीन आठवडे लागले, आणि बसवल्यावर आटे किंचित सैल निघाले, त्यामुळे शिसवाच्या गाठीवर रंधा आला की कॅप ढिली होऊन पाते सरकू लागले. त्यात त्याचा दोष नव्हता, नमुन्याला मूळ स्क्रूच माझ्याकडे नव्हता. पितळी चाकाचे आटे तर डावे, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेचे, असतात, आणि हे ठाऊक नसलेल्या आधीच्या मालकांनी ते उलटे पिळून खराब केलेले मी दोनदा पाहिले आहे.

लाकडी रंध्यात हरवण्यासारखी वस्तू म्हणजे पाते घट्ट धरणारी पाचर. माझ्या रंध्याची पाचर आलीच नव्हती. शिसवाच्या तुकड्यातून ती एका सकाळी तयार झाली आणि दुपारी रंधा चालू लागला. पाते मार्पल्स या शेफील्डच्याच कंपनीचे होते, धारेकडे जाड होत जाणारे. स्टॅन्लेचे पाते जेमतेम दोन मिलिमीटरचे असते. हे त्याच्या दुप्पट जाड असल्यामुळे कठीण लाकडातही थरथरत नाही, असे हाताला जाणवते. जुन्या पात्यांत मऊ लोखंडावर पोलादाची पट्टी जोडलेली असते, त्यामुळे धार लावण्याचे कामही हलके होते. सागवान धार लवकर मारते, म्हणून ही बाब छोटी नाही.

अडचणी मात्र आहेत. पाते हातोडीच्या ठोक्यांनी बसवायची सवय व्हायला मला पंधरा दिवस लागले. पावसाळ्यात पाचर फुगून घट्ट बसते, म्हणून काम संपले की ती सैल करून ठेवावी लागते. तळ झिजून तोंड रुंद झालेले असेल, तर तिथे लाकडाचा तुकडा बसवावा लागतो. तोपर्यंत उलट्या रेषांच्या लाकडात ढलप्या उपटून येतात. अशा लाकडासाठी, फ्रॉग (पात्याखालचा तिरका आधार) पुढे सरकवून तोंड बारीक करता येणारा लोखंडी रंधा निःसंशय सोयीचा, हे मान्य केले पाहिजे. लाकडी रंधा विकत घेताना वाळवी लागलेली नाही आणि पाचर ठोकून ठोकून दोन्ही बाजूंना भेगा गेलेल्या नाहीत, याची खात्री करावी, एवढे पुरते.

सर्व स्क्रू जागेवर असलेला आणि चाक मोकळे फिरणारा लोखंडी रंधा मिळाला, तर तो सोडा असे मी म्हणणार नाही. हल्ली भंगारवाल्याने स्टॅन्ले पुढे केला की मी पाते पाहण्याआधी स्क्रू मोजतो, आणि बहुतेक वेळा तो खाली ठेवून मागच्या पोत्यातील लाकडी रंधे बाहेर काढायला सांगतो.