गोव्यातल्या घरखर्चाच्या सरकारी योजना: 5 पैकी साडेतीन

मी वेर्ण्याला कंपनीत कामाला आहे, घरात आईचं दयानंद सामाजिक सुरक्षा पेन्शनचं महिना 2000 आणि बायकोचं गृह आधारचं (गृहिणींसाठीची मदत) 1500 येतं, त्यामुळे कोणी काही म्हणो मला या योजना मनापासून आवडतात. पैसे थेट खात्यात, कोणाच्या पाया पडायला नको. आईची बीपीची गोळी, गॅस, पोदेराचं म्हणजे पाववाल्याचं बिल हे तीच तिच्या पैशातून देते आणि तिला त्याचा केवढा अभिमान आहे!

पण 2000 मध्ये आता काय होतं सांगा? बाजारात नारळ आणि बांगडे विचारून बघा. महागाईप्रमाणे रक्कम आपोआप वाढली पाहिजे, निवडणुकीची वाट कशाला बघायची.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा हे आरोग्य विम्याचं कार्ड मात्र प्रत्येकाने काढाच, 2016 पासून आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चौघं किंवा जास्त असतील तर चार लाखांचं कव्हर. आमच्यासारख्यांना मोठ्ठा आधार.

दीड स्टार कापला तो हयातीच्या दाखल्यासाठी. आम्ही गेलो त्या कार्यालयात म्हातारी माणसं भिंतीला टेकून उभी, खुर्च्या दोनच, एका आजोबांच्या बोटाचा ठसा मशीन घेईना म्हणून ते बोट शर्टाला पुसून पुसून परत लावत होते, शेवटी उद्या या म्हणून सांगितलं. अहो, पंचायतीचा माणूस घरी पाठवा ना, वाड्यावर सगळ्यांना माहीत असतं कोण हयात आहे ते.